उजवीकडचा आवाज

चाकातून आवाज यायला लागला की माणसं आधी गाडीतला रेडिओ मोठा करतात. मग काचा वर घेतात. मग शेजारी बसलेलं कोणीतरी म्हणतं, "अहो, हे काय गुरगुरतंय मघापासून?" आणि तेव्हा कुठे गाडी कानसेनांच्या गॅरेजकडे वळते.

कानसेन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गाता न येता नुसतं ऐकण्यात वस्ताद असलेल्या माणसाला लोक कानसेन म्हणतात. यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गाडीच्या पोटातलं सगळं ऐकू यायचं. त्यातही चाकांच्या हबमध्ये त्यांचा हात, म्हणजे कान, धरणारा आसपास कोणी नव्हता.

हब म्हणजे चाकाचा गाभा. चाक त्याच्यावर नटांनी आवळलेलं असतं आणि त्याच्या पोटात बेअरिंग असतं. बेअरिंगच्या गोळ्या झिजल्या किंवा आत पाणी शिरलं की हब कुरकुर सुरू करतो. सुरुवातीला लांबून विमान जावं तसा आवाज येतो, तोही गाडी चाळीसच्या पुढे गेली तरच. लोकांना वाटतं टायर वाजतोय. पण टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. हबला रस्त्याशी देणंघेणं नसतं, तो फक्त वेगाचं ऐकतो. दुर्लक्ष केलं तर चाक डुगडुगायला लागतं. तरीही दुर्लक्ष केलं तर एक दिवस चाक त्याच्या वाटेने जातं आणि गाडी तिच्या.

झिजलेलं चाक कोणत्या बाजूचं, हे ओळखायची एक युक्ती असते. मोकळ्या रस्त्यावर गाडी जरा उजवीकडे, जरा डावीकडे झुलवायची. उजवीकडे वळवली की वजन डाव्या चाकांवर पडतं. तेव्हा आवाज वाढला तर दोष डावीकडे. कानसेनांनी ही युक्ती आपल्या लेकीला शिकवली होती, पण स्वतः कधी वापरली नव्हती. "झुलवणं म्हणजे पांगुळगाडा," ते म्हणायचे. "चालता येईपर्यंत ठीक आहे."

त्यांची पद्धत निराळी. गाडी मालकाने चालवायची. आपण शेजारच्या सीटवर बसायचं, डोळे मिटायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर. मालक काही बोलायला लागला तर नुसतं बोट वर करायचं. पुढच्या चौकापर्यंत जाऊन परत यायच्या आत ते डोळे उघडायचे आणि सांगायचे, "उजवं मागचं." गॅरेजात उतरल्यावर खिशातला खडू काढून त्या टायरवर फुली मारायचे. झालं. त्या गॅरेजात फुली म्हणजे शेवटचा शब्द होता. कानसेनांनी ऐकायचं आणि छकुलीने उघडायचं. उघडणाऱ्याने विचारायचं नाही.

छकुली म्हणजे त्यांची लेक. हे नाव तिला दोन वर्षांची असताना पडलं होतं. आता ती बत्तीस वर्षांची होती, लग्न झालेली होती, आणि गिअरबॉक्स एकटी उचलायची, पण चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. नवीन गिऱ्हाइकं छकुली कुठे आहे म्हणून खाली बघायची आणि ही वरून "बोला" म्हणायची. गेली दहा वर्षं ती बापाबरोबर कामाला होती. फुली दिसली की तिचं ठरलेलं उत्तर असे, "हो बाबा." अलीकडे त्याला एक शेपूट जोडलं गेलं होतं. "हो बाबा. तुम्ही समोर चहा सांगून या."

त्या आठवड्यात छकुली नव्हती. तिच्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि ती चार दिवस तिकडे गेली होती. जाताना तिने तीनतीनदा बजावलं, "चाकाचं काम आलं तर थांबवून ठेवा. मी आल्यावर बघू." कानसेनांना त्याचा रागच आला. पंचवीस वर्षं हे गॅरेज ती जन्माला येऊन, शिकून, हातात पाना धरेपर्यंत काय आपोआप चाललं होतं?

मंगळवारी ड्रायव्हिंग स्कूलच्या मॅडम आल्या. त्यांची पांढरी गाडी म्हणजे फिरती शाळाच. छतावर पाटी, शेजारच्या सीटपुढे पायाशी मॅडमचा स्वतःचा ब्रेक, मागच्या सीटवर रिव्हर्सच्या सरावाचे प्लास्टिकचे शंकू. मॅडमचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारण्यात गेलं होतं आणि ते त्यांच्या बोलण्यात दिसायचं.

"गुरगुरतेय," त्या म्हणाल्या. "मुली घाबरतात. एक तर मला म्हणाली, मॅडम, माझं काही चुकतंय का? शनिवारी तिघींची लायसन्सची परीक्षा आहे, याच गाडीवर. त्याच्या आत झालं पाहिजे."

कानसेन शेजारी बसले, डोळे मिटले. चाळीसला आवाज सुरू झाला, पन्नासला भरून आला. त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. "उजवं पुढचं," ते म्हणाले.

थांबवून ठेवायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी स्वतःच काम घेतलं. चाक जमिनीवर असतानाच मधला मोठा नट सैल केला, कारण गाडी उचलल्यावर तो सुटत नाही, नुसता चाकाबरोबर फिरतो. मग जॅक, जॅकशेजारी स्टँड. चाक काढलं, ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चकतीला चिमटा घेणारा भाग, सोडवला आणि तारेने स्प्रिंगला टांगला. तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवणारे मेकॅनिक त्यांच्या मते चोर होते. मागून बोल्ट काढले. हब गंजून बसला होता. तेल मारलं, थांबले, हातोडीने चारी बाजूंनी ठोकलं, पुन्हा तेल मारलं. तासाभराने तो सुटला.

सवयीने त्यांनी तो हातात धरून फिरवला. हब लोण्यासारखा फिरला. ना कुठे अडला, ना खरखरला.

ते जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, काही काही हब वजनाखालीच बोलतात, हातात गप्प बसतात. हे अगदी खोटं नव्हतं. म्हणूनच ते सोयीचं होतं. त्यांनी हब बसायची जागा तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ केली, नवा हब बसवला, बोल्ट नेमक्या जोराने आवळले आणि गाडी दिली.

बुधवारी मॅडम परत आल्या. "जशीच्या तशी आहे," त्या म्हणाल्या.

कानसेन पुन्हा बसले, डोळे मिटले. आवाज होताच, आणि होता उजवीकडेच. म्हणजे मागचं. कधी कधी पुढचा आणि मागचा दोन्ही मिळून वाजतात, एक गप्प झाला की दुसरा ऐकू येतो. त्यांनी तसं सांगितलं, मॅडमनी मान डोलावली, आणि उजवा मागचा हब निघाला. तोही हातात लोण्यासारखा फिरला. या वेळी त्यांनी त्याच्याकडे फार वेळ बघितलं नाही.

गुरुवारी सकाळी मॅडम आल्या तेव्हा त्या उतरल्याही नाहीत. काच खाली करून म्हणाल्या, "उजवी बाजू संपली. आता डिकीत पाचवं चाक आहे, तेही बदलता का?"

समोरच्या चहावाल्याने हे ऐकलं आणि तो हसला. कानसेनांच्या कानापर्यंत ते हसू गेलं नाही, पण त्याचे दात दिसले. पस्तीस वर्षांत त्यांच्या फुलीवर कोणी हसलं नव्हतं. "चला," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

गोदामांच्या मागचा रस्ता सरळ आणि रिकामा होता. मॅडमनी गाडी पन्नासवर नेली. कानसेनांनी डोळे मिटले. आवाज उजवीकडे. दोन्ही चाकं नवीन आणि आवाज उजवीकडे. गिअरबॉक्स असेल का? तेवढ्यात मागच्या सीटवरचा एक शंकू घरंगळला आणि दाराला ठक ठक आपटायला लागला. त्या ठकठकीत त्यांना नीट ऐकू येईना. त्यांनी बेल्ट काढला, सीटवर गुडघे टेकले आणि मागे तोंड करून शंकू धरायला वाकले.

"बेल्ट!" मॅडम ओरडल्या.

कानसेन तसेच राहिले. शंकू त्यांच्या हातात होता, ठकठक थांबली होती, आणि हबचा आवाज गाडीच्या डाव्या बाजूने येत होता.

ते पुन्हा पुढे तोंड करून बसले. आवाज उजवीकडे आला. पुन्हा मागे वळले. आवाज डावीकडे गेला. गाडी तीच, वेग तोच, रस्ता तोच. फिरत होते ते फक्त कानसेन, आणि आवाज इमानी कुत्र्यासारखा त्यांच्या उजव्या कानाबरोबर फिरत होता.

"अहो, काय उलटेपालटे होताय? मी गाडी थांबवते!"

कानसेन सरळ बसले. बेल्ट लावला. मग हळूच उजव्या कानात बोट घातलं. गुरगुर बंद झाली. इंजिनही बंद झालं. मॅडमचे ओठ हलत होते आणि त्यातून काहीच येत नव्हतं. त्यांना खरोखर भीती वाटली, लहानपणी विहिरीत डोकावताना वाटायची तशी. त्यांनी बोट काढलं.

"...ऐकताय ना?" मॅडम म्हणत होत्या.

"मॅडम, गाडी जरा झुलवा," ते म्हणाले. "आधी उजवीकडे, मग डावीकडे. हळू."

मॅडमनी झुलवली. उजवीकडे वळताना आवाज पोटातून आल्यासारखा वाढला. डावीकडे वळताना जवळजवळ गेला. कोणत्या बाजूने येतोय हे ऐकायची गरजच नव्हती. वाढतो की घटतो, एवढंच ऐकायचं. तेवढ्याला एक कान पुरतो. पांगुळगाडा म्हणून ज्याची टिंगल केली, तो हा.

"सापडलं," ते म्हणाले. "गाडी ठेवून जा. आता ती चालवायची नाही. उद्या दुपारी देतो."

मॅडमनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. समोरच्या माणसाला गाडीतलं काही येत नाहीये हे ओळखायचा त्यांना सराव होता. पण त्या किल्ली ठेवून गेल्या.

गॅरेजात एकटे असताना कानसेनांनी गाडीची डावी बाजू उचलली. एक हात स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने पुढचं चाक फिरवलं. स्प्रिंगमधून खरखर थेट तळहातात आली, वाळूत पाय फिरवावा तशी. चाक वरखाली धरून हलवलं तर ते डुगडुगत होतं. परवापासून मॅडमच्या शिकाऊ मुली या चाकावर फिरल्या होत्या. त्यांनी सांगितलं होतं म्हणून. गाडी बरी झाली असं सांगून त्यांनी परत दिली होती म्हणून.

ते स्टुलावर बसले. आता एकेक गोष्ट आठवायला लागली. फोन आपोआप उजव्या कानाला जायला लागला होता. बायको म्हणायची, "तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं," आणि ते म्हणायचे, भिंत निदान उलट बोलत नाही. गेले काही महिने झोप कशी छान लागते म्हणून ते सगळ्यांना सांगत होते. उजव्या कुशीवर झोपलं, उजवा कान उशीत गेला, की जगाची कटकट बंद. मोठ्या अभिमानाने सांगत होते.

पण मग इतके दिवस काम कसं चाललं? हा प्रश्न त्यांना पडला आणि ते उठून कोपऱ्यातल्या पिंपाकडे गेले.

त्या पिंपात जुने हब असत. गॅरेजची ही जुनी रीत होती. डाव्या-उजव्या बाजूचे हब दिसायला एकसारखे असतात, कुठून काढला हे हब बघून कळत नाही. म्हणून काढलेला प्रत्येक हब गिऱ्हाइकाला फिरवून दाखवायचा, मग पांढऱ्या रंगाने त्यावर गाडीचा नंबर आणि जागा लिहून पिंपात टाकायचा. वर्षातून एकदा भंगारवाला यायचा. तो आठ महिन्यांपूर्वी येऊन गेला होता.

कानसेनांनी पिंप आडवं केलं. त्यांनी काल-परवा काढलेले दोन सोडून अकरा हब निघाले. अकराही गाड्या त्यांना आठवत होत्या. ते माणसांची तोंडं विसरत, आवाज विसरत नसत. आणि अकराही वेळा आपण काय म्हणालो तेही आठवत होतं, कारण ते एकच होतं. उजवं. कधी पुढचं, कधी मागचं, पण उजवं. आठ महिन्यांत त्यांच्या तोंडून डावं हा शब्दच निघाला नव्हता.

डॉक्टरीणबाईंची करडी गाडी. ते म्हणाले होते उजवं पुढचं. हबवर छकुलीच्या अक्षरात लिहिलेलं होतं, डावं पुढचं. बेकरीवाल्याची व्हॅन. ते म्हणाले होते उजवं मागचं. लिहिलेलं होतं, डावं मागचं. अकरातले सहा डावे होते. त्यांनी ते सहाही एकेक करून हातात फिरवले. सहाही खरखरत होते. एकही गाडी तक्रार घेऊन परत आली नव्हती.

हो बाबा. तुम्ही समोर चहा सांगून या.

चहा सांगायला जायचं, तिथे चार गप्पा व्हायच्या, चहावाला विचारायचा, कानसेन, आज कोणतं चाक? आणि ते ऐटीत सांगायचे. तेवढ्या वेळात इथे फुली पुसली जात होती आणि दुसऱ्या टायरवर मारली जात होती. आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली, आणि तिने मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं. दुपारी दोघं बाकावर डबा खायची. दहा वर्षं छकुली त्यांच्या डावीकडे बसायची. गेल्या थंडीत ती उजवीकडे बसायला लागली. तिकडे वारा बरा लागतो, म्हणाली होती.

शुक्रवारी सकाळी छकुली थेट बसस्टँडवरून गॅरेजात आली. पांढरी गाडी डाव्या बाजूने उचललेली होती, चाक अजून जागेवर होतं, आणि जमिनीवर अकरा हब ओळीने मांडलेले होते. बाप स्टुलावर बसला होता. तिने पिशवी खाली ठेवली.

"सासूबाई बऱ्या आहेत?" त्यांनी विचारलं.

"बऱ्या आहेत. पट्टी काढली."

"कधीपासून माहीत होतं तुला?"

ती त्यांच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. "डॉक्टरीणबाईंच्या गाडीपासून. तुम्ही उजवं म्हणालात. मी उघडायच्या आधी सहज स्प्रिंगला हात लावला, तर उजवं गप्प होतं. मग डावं बघितलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोणत्या कानात सांगणार होते?"

एरवी ते हसले असते. आज उठून उभे राहिले. "थट्टा सुचतेय? आठ महिने मला खोटं सांगितलंस तू! लोकांना काय सांगत होतीस?"

"बाबांनी पुन्हा एकदा ऐकलं, डावं निघालं. एवढंच. चाक खरं बदललं, बाबा. खोटं फक्त तुमच्याशी बोलले." तिचा आवाज चढला. "आणि काय करायला हवं होतं? तुम्ही चारचौघांत खडू मारता. ती फुली मी लोकांसमोर पुसू? एकदा आईला म्हणाले, बाबांना डॉक्टरकडे नेऊ या. तर तुम्ही तिला म्हणालात, माझ्या कानावर संशय घेणाऱ्याने माझ्या ताटात जेवू नये. आठवतं?"

आठवत होतं. ते गाडीकडे गेले आणि पुढचं डावं चाक दोन्ही हातांनी हलवलं. चाक डुगडुगलं. छकुलीने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"ही शिकाऊ मुलींची गाडी आहे," ते म्हणाले. "मंगळवारी मी उजवं पुढचं बदललं. बुधवारी उजवं मागचं. आणि प्रत्येक वेळी गाडी परत दिली, जा म्हटलं, आता काही भीती नाही. तू नव्हतीस ना पुसायला."

छकुली खाली बसली, टायरला टेकून. "मी सांगून गेले होते, चाकाचं काम थांबवा म्हणून."

"का थांबवा ते नाही सांगितलंस."

"नाही सांगितलं." तिने तळहाताने तोंड पुसलं. "चुकलं माझं. एखाद्या मुलीला काही झालं असतं तर..."

"तर ते माझ्यावर आलं असतं आणि का ते मला कळलंही नसतं." त्यांचा राग बोलता बोलता ओसरत गेला, रागाला उभं राहायला जागाच नव्हती. आपला मान जपायला लेकीने आठ महिने दुप्पट काम केलं आणि आपण तो वेळ चहा पीत घालवला, हे त्यांना लख्ख दिसत होतं. त्यांना तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. हात ग्रीसने भरलेले होते, तरी फिरवला. "मीही चुकलोच. तो पहिला हब हातात लोण्यासारखा फिरला होता. मला तिथेच कळायला हवं होतं. कळलं होतं बहुतेक."

"केसांना ग्रीस लावलंत."

"शॅम्पू देतो आणून. ऊठ, दुपारी गाडी द्यायचीय."

काम दोघांनी मिळून केलं. डावा पुढचा हब उजव्यापेक्षाही घट्ट बसला होता. ती ठोकत होती आणि ते चाकाजवळच्या सेन्सरची वायर सांभाळत होते. सुटल्यावर तिने तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी फिरवला. तो अडखळत, खरखरत, जेमतेम अर्धा फेरा फिरला. तिने पांढरा रंग आणून त्यावर नंबर लिहिला आणि जागा लिहायला ब्रश त्यांच्यापुढे धरला. त्यांनी लिहिलं, डावं पुढचं. मग मंगळवार-बुधवारचे दोन चांगले हबही बाजूला काढून ठेवले.

दुपारी मॅडम आल्या. छकुलीने बापाकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, ते चहा सांगायला जातील. ते गेले नाहीत. समोरचा चहावाला पेले घेऊन आलेला होता, एक गिऱ्हाईकही उभं होतं. त्या सगळ्यांसमोर कानसेनांनी तिन्ही हब बाकावर ठेवले.

"हे दोन तुमच्या उजव्या बाजूचे. फिरवून बघा. काही झालं नव्हतं यांना," ते म्हणाले. "हा डावा. हा खराब. माझा डावा कान गेलाय, मॅडम, आठ-नऊ महिने झाले. त्यामुळे मला सगळं जग उजवीकडूनच ऐकू येतं. मी चुकलो आणि तुमच्या मुलींना तीन दिवस या चाकावर फिरवलं. माफ करा. उजव्या दोन हबचं काही लागणार नाही."

चहावाला पेले घेऊन तसाच उभा राहिला. मॅडमनी तिन्ही हब फिरवून पाहिले, तिसरा जरा जास्तच वेळ. त्यांचा चेहरा कठीण झाला. "बुधवारी माझी एक मुलगी उड्डाणपुलावरून चालवत होती," त्या म्हणाल्या. "मी शेजारी होते. माझ्याकडे ब्रेक आहे, पण चाक निघालं असतं तर ब्रेक काय करणार होता?"

"काही नाही," कानसेन म्हणाले.

मॅडमनी तिसरा हब बाकावर ठेवला. "मग आता या गॅरेजात ऐकणार कोण?"

"ही." त्यांनी छकुलीकडे बोट केलं. "आठ महिने हीच ऐकतेय. मी नुसता फुल्या मारत होतो."

मॅडमनी छकुलीला शेजारी बसवलं आणि स्वतः गाडी चालवत गोदामांच्या रस्त्याने दोन चकरा मारल्या. झुलवूनही पाहिली. परत आल्यावर उतरल्या नाहीत, काच खाली करून, मुद्दाम कानसेनांच्या उजव्या बाजूला गाडी आणून म्हणाल्या, "गप्प आहे. उद्या परीक्षेला नेते. आणि तुम्ही सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचं. माझ्याकडच्या मुलींनासुद्धा आधी डोळे तपासून यायला सांगते मी."

मॅडम गेल्या तसं उभं असलेलं गिऱ्हाईक पुढे आलं. त्याची निळी गाडी होती, आणि हे सगळं डोळ्यांदेखत होऊनही सवय ती सवय. त्याने शेजारचं दार उघडून धरलं आणि म्हणाला, "कानसेन, बसता का? चाकातून काहीतरी..."

कानसेन दोन पावलं पुढे गेलेही. मग थांबले. खिशातून खडू काढला. इतक्या वर्षांत तो दुसऱ्याच्या हातात कधी गेला नव्हता. त्यांनी तो छकुलीच्या हातात दिला आणि दार तिच्यासाठी धरलं. चहावाला म्हणाला, "कानामागून आली आणि तिखट झाली हो." "झाली," कानसेन म्हणाले, "आणि तू चहा गार केलास."

छकुली दहा मिनिटांनी परतली. उतरून दोन पावलं मागे गेली आणि मागच्या टायरवर फुली मारली. कानसेन जॅक घेऊन तयार होते. गाडी वेगात परत येताना गुरगुर ऐकून त्यांना स्वतःला पक्कं वाटलं होतं की आवाज उजवीकडून येतोय. फुली डावीकडे होती. विचारावंसं फार वाटलं. झुलवून बघितलंस ना? किती वेगाला? प्रश्न अगदी जिभेच्या टोकावर आले होते.

"डावं मागचं, बाबा," ती त्यांच्या उजव्या कानाजवळ येऊन म्हणाली.

"हो, छकुली," ते म्हणाले आणि गाडीच्या डाव्या बाजूला जाऊन खाली बसले. आधी चाकाचे नट सैल केले, मग जॅक लावला. छकुली दुसऱ्या गाडीचं बॉनेट उघडून उभी होती. पण तेवढ्या वेळात ती दोनदा येऊन बघून गेली, बापाने खरंच डावंच उघडलंय ना.